एआय एजंटला आपल्या संगणकातील चित्रांची यादी कशी द्यावी

पोळा आणि तान्हा पोळा जवळ आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी फ्लेक्सच्या दुकानांत कामाची रीघ लागते. अशा दुकानात कम्फीयूआयसारख्या, शब्दांतल्या वर्णनावरून चित्र बनवणाऱ्या प्रणालीने स्वतःच्याच संगणकावर चित्रे तयार केली जात असतील, तर आठवडाभरात आउटपुट फोल्डरमध्ये शेकडो फायली साचतात आणि त्यांतून हवे ते चित्र शोधणे हेच मोठे काम होऊन बसते. हे काम एआय एजंटवर, म्हणजे आपण सांगितलेले काम दिलेली साधने वापरून करणाऱ्या एआय प्रोग्रामवर, सोपवता येते. मात्र आपल्या फोल्डरमध्ये काय आहे हे त्याला आपोआप कळत नाही. त्याला दिलेले साधन जेवढे सांगेल, तेवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून यादी देणारे साधन लहान असले तरी ते काळजीपूर्वक बांधावे.

त्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, वापरणे सोयीचे ठरते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या या पद्धतीत आपला छोटा पायथन प्रोग्राम सर्व्हर म्हणून त्याच संगणकावर चालतो आणि एजंटशी जेसन या माहिती मांडण्याच्या मजकूर-स्वरूपात बोलतो. या सर्व्हरमध्ये ‘चित्रांची यादी’ देणारे एकच फंक्शन साधन म्हणून नोंदवावे. साधन केव्हा वापरायचे हे एजंट त्याच्या वर्णनावरून ठरवतो, त्यामुळे ‘चित्रे दाखवते’ असे मोघम न लिहिता, ‘या संगणकावर तयार झालेल्या चित्रांची यादी, नवीन आधी, चित्र दाखवत नाही, बदलत नाही, पुसत नाही’ असे स्पष्ट लिहावे. सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवरून, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर बाहेर पडण्याच्या नेहमीच्या वाटेने, बोलत असेल, तर तपासणीसाठी प्रिंटच्या ओळी त्यात टाकू नयेत, कारण त्या संदेशांत मिसळून संवाद बिघडवतात. अशा नोंदी स्टँडर्ड एरर या चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेकडे पाठवाव्यात.

फोल्डरचा पत्ता सर्व्हरच्या मांडणीत एकदाच पक्का करावा आणि एजंटकडून फक्त उपफोल्डरचे नाव, शोधशब्द आणि किती नोंदी हव्यात एवढेच घ्यावे. आलेला मार्ग पूर्ण उलगडून तो मूळ फोल्डरच्या आतच आहे याची खात्री करावी. नाहीतर दोन टिंबांच्या (‘..’, म्हणजे एक फोल्डर वर जा) वाटेने एजंट ग्राहकांच्या हिशेबाच्या फायलींपर्यंतही पोहोचू शकेल.

प्रत्येक नोंदीत सापेक्ष मार्ग (मूळ फोल्डरपासूनचा पत्ता), वेळ, लांबी-रुंदी, फायलीचे आकारमान आणि चित्र ज्या वर्णनावरून बनले ते वर्णन असावे. खरे चित्र यादीत कधीही भरू नये, कारण एजंट एका वेळी जेवढा मजकूर ध्यानात ठेवू शकतो ती मर्यादित जागा त्याने भरून जाते. वर्णन पीएनजी फायलीतच मिळते: कम्फीयूआय ते ‘प्रॉम्प्ट’ आणि ‘वर्कफ्लो’ या नावांच्या मजकूर-खंडांत साठवते. पण तिथे सगळी मांडणी असते, तेव्हा त्यातला वर्णनाचा भाग निवडून पहिली दोनशे अक्षरे द्यावीत. ‘झूल आणि बाशिंग घातलेली पांढऱ्या गवळाऊ बैलांची जोडी’ हे शब्द यादीत आले, तरच त्या शब्दांनी शोध लागेल. यादीत चित्र नसतेच, म्हणून बैलाला पाचवा पाय फुटला आहे की नाही, हे मात्र माणसानेच पाहावे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत हे खंड उरत नाहीत, म्हणून मूळ फायली फोल्डरमध्येच ठेवाव्यात.

फाइलनावातल्या क्रमांकाला ओळख मानू नये. कम्फीयूआय फोल्डरमध्ये उरलेल्या फायली पाहून पुढचा क्रमांक ठरवते, त्यामुळे जुनी चित्रे पेन ड्राइव्हवर हलवून फोल्डर रिकामे केले की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात आणि तेच नाव वेगळ्या चित्राला मिळते. मार्ग आणि वेळ मिळून ओळख ठरवावी. वेळ भारतीय प्रमाणवेळेत, सोबत ‘+०५:३०’ लावून द्यावी. ती यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, दिली तर रात्रभर यंत्र चालवून पहाटे साडेपाचच्या आधी निघालेली चित्रे आदल्या दिवसाच्या तारखेत पडतात, आणि ‘आजची चित्रे दाखव’ म्हटल्यावर नेमकी तीच गळतात.

देवनागरीकडे वेगळे लक्ष हवे. पायथनचे जेसन रूपांतर मूळ सेटिंगनुसार प्रत्येक देवनागरी चिन्हाचे सहा अक्षरी सांकेतिक रूप करते, म्हणजे मराठी वर्णनांची यादी विनाकारण फुगते. आपण स्वतः जेसन बनवत असल्यास ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय बंद ठेवावा.

मध्येच लाईन गेली आणि फाइल अर्धवट लिहिली गेली, असे आपल्याकडे नेहमीचेच. अशी फाइल उघडताना चूक आली तर पूर्ण यादी थांबवू नये. ती नोंद ‘अपूर्ण’ म्हणून द्यावी आणि पुढे जावे. चित्राचे माप पिलो, म्हणजे पायथनमधले चित्रे वाचणारे साधन, फायलीचा फक्त शीर्षभाग वाचून सांगते, त्यामुळे माप मिळाले म्हणजे फाइल पूर्ण आहे असे समजू नये. खात्रीसाठी चित्र प्रत्यक्ष पूर्ण उघडून पाहावे लागते. हे जड काम असल्याने ते सर्वांत नव्या काही फायलींपुरतेच करावे.

एका वेळी वीस नोंदी पुरेत; अधिक हव्या असल्यास पुढच्या पानाची खूण द्यावी आणि एकूण किती चित्रे आहेत तेही सांगावे. फोल्डरच सापडले नाही तर रिकामी यादी कधीही परत करू नये. रिकाम्या यादीवरून एजंट ‘चित्रे नाहीत’ असे समजतो आणि असलेलीच चित्रे पुन्हा बनवायला घेतो, आणि वैशाखातल्या उन्हात ग्राफिक्स कार्डला ते मुळीच परवडत नाही. त्याऐवजी ‘फोल्डर सापडले नाही, मार्ग तपासा’ असा चूक दाखवणारा स्पष्ट संदेश मार्गासह द्यावा.