व्हीलचेअरवरून स्विच गाठता येत नव्हते: बोर्ड खाली घेतला, माझा अनुभव

लक्षण: आईला खुर्चीत बसून पंख्याचा रेग्युलेटर गाठता येत नाही. दोन्ही बोर्ड साडेचार फुटांवर, शिवाय एक कोपऱ्यात, त्यामुळे तिथे खुर्चीचे फूटरेस्ट भिंतीला आधी टेकतात. प्लगचा पॉइंट तर पार जमिनीलगत.

आधी काठी दिली, मग रिमोटवाले स्विच बसवले. रिमोट नेहमी नेमका उशीखाली. वैताग आला.

शेवटी वायरमनकडून केलं ते असं. आईला खुर्चीत बसवून हात न ताणता पोचेल तिथे खूण केली. आमच्याकडे ती 40 इंचांवर आली. (अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांसाठीच्या कायद्याच्या, मानकात 15 ते 48 इंचांची मर्यादा आहे, पण माप आपल्याच माणसाचं घ्या.) मग मेन बंद, टेस्टरने खात्री. जुन्या बॉक्सपासून सरळ खाली भिंतीत झिरी (खाच) मारून पाइप टाकला. तिरकी झिरी नकोच, वायर कुठून गेली याचा अंदाज येत नाही आणि पुढे कोणीतरी तिथेच खिळा ठोकतं. नवा बॉक्स पाणसळीत बसवला. वायरींचे जोड पाइपात न ठेवता जुन्या बॉक्समध्ये कनेक्टरने केले, अर्थिंगसकट, आणि त्यावर ब्लँक प्लेट (स्विच नसलेलं कोरं झाकण) लावली. ती स्क्रूचीच हवी. प्लास्टरखाली गाडली तर दोष शोधताना भिंत फोडावी लागते.

कोपऱ्यातला दुसरा बोर्ड खाली आणतानाच फूटभर बाजूला सरकवला. प्लग पॉइंट 18 इंचांवर उचलला, तिथे स्विचही सॉकेटशेजारीच घेतला.