नेरीसची जात ओळखताना या चुका टाळा

शाळेच्या पुस्तकात वलयांकित प्राण्यांच्या यादीत गांडूळ आणि जळूच्या शेजारी नेरीस भेटतो. तेवढ्यावरून नेरीस हा एकच प्राणी आहे असं मनात पक्कं बसतं. मग खाडीच्या चिखलातून चाळून काढलेल्या, दोन्ही अंगांना परापादांच्या (पायांसारख्या मांसल अवयवांच्या) रांगा असलेल्या कुठल्याही किड्याला ‘नेरीस’ लिहून मोकळं व्हायची सवय लागते. खरं तर नेरीस ही एक प्रजाती (जीनस) आहे, नेरीडिडी हे तिचं कुल, आणि या कुलात शेकडो जाती (स्पीशीज) आहेत. भारताच्या किनाऱ्यावर पेरिनेरीस, नामालिकॅस्टिस, डेंड्रोनेरीस हे तिचे भाऊबंदही राहतात.

पहिली चूक सूक्ष्मदर्शकाखाली बसण्याआधीच होते. जिवंत किडा थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तो आक्रसतो, वेटोळं करतो, कधी तुटतोही. आधी त्याला मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात शिथिल होऊ द्या. लिटरभर गोड्या पाण्यात स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ७३ ग्रॅम घ्यायचं. टोचल्यावर हालचाल होईनाशी झाली की मगच फॉर्मॅलिन.

त्या फॉर्मॅलिनच्या प्रमाणातही बरेच जण घोळ घालतात. बाजारातल्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्मॅल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असतं. त्याचा १ भाग आणि समुद्राच्या पाण्याचे ९ भाग घेतले की १० टक्के फॉर्मॅलिन होतं, म्हणजेच सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून कुणी ‘४ टक्के फॉर्मॅलिन’ केलं, तर द्रावण फार पातळ होतं आणि नमुना आतून सडतो. नंतर नमुना पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. तिथे रंग उडणारच, म्हणून ओळख रंगावर बेतू नका. जिवंतपणीच फोटो काढून ठेवा.

आता मुख्य गोष्ट: सोंड, म्हणजे तोंडातून बाहेर उलटणारा घशाचा भाग. डोक्यावरच्या स्पर्शिका आणि डोळ्यांच्या दोन जोड्या पाहून कुल कळतं, पुढचा निर्णय मात्र बहुतेकदा सोंडेवर होतो. सोंड बाहेर आली की टोकाला जबड्यांची जोडी दिसते आणि पृष्ठभागावर पॅराग्नाथ नावाचे बारीक, गडद दातरे. जबड्यांकडच्या वलयावर १ ते ४ आणि बुडाकडच्या वलयावर ५ ते ८ असे भाग मानतात. कुठल्या भागात किती दातरे आहेत, ते शंकूसारखे आहेत की आडव्या पट्टीसारखे, हे एकेक भाग घेऊन लिहून काढा. सहाव्या भागात आडव्या पट्ट्या दिसल्या तर पेरिनेरीसकडे वळा. दातरे नुसत्या कंगव्यासारख्या बारीक ओळींत असतील तर प्लॅटिनेरीस. दातरे अजिबात नसतील तर नामालिकॅस्टिसचा विचार करा.

सोंड आतच राहिली म्हणून ‘नेरीस, जात अज्ञात’ लिहून पुढे जाणं हा निव्वळ आळस आहे. पोटाकडून, मध्यरेषेच्या किंचित बाजूला चीर द्या आणि सोंड उलगडा. चीर अगदी मधोमध दिली तर सातव्या-आठव्या भागातले दातरे विस्कटतात.

दुसरी जागा परापादांची. एकच परापाद, तोही पुढचा, काचपट्टीवर घेऊन भागत नाही. नेरीस आणि निअँथिस यांची सोंड सारखीच फसवते, दोघांच्याही दोन्ही वलयांवर शंकूसारखे दातरे असतात. फरक मागच्या खंडांत आहे. तिथे परापादाच्या वरच्या शाखेत विळ्यासारख्या आखूड पात्याचे दृढरोम (ताठ केस) असले तर नेरीस, सगळे लांब काटेरी पात्याचेच असले तर निअँथिस. पुढचा, मधला आणि मागचा असे तीन परापाद घ्या आणि ते कितव्या खंडाचे आहेत हे लेबलावर लिहा. नुसता शेपटाकडचा तुकडा हाती आला असेल तर कुलापर्यंतच थांबा.

प्रजननकाळी पोहायला निघालेला नर किंवा मादी तर भल्याभल्यांना चकवते. डोळे मोठे होतात, परापाद रुंदावतात, वल्ह्यासारखे दृढरोम येतात. एकोणिसाव्या शतकात या अवस्थेलाच हेटेरोनेरीस नावाची वेगळी प्रजाती ठरवलं गेलं होतं. अशा नमुन्यात परापादांपेक्षा सोंडेवर विसंबा.

मला सर्वात जास्त खटकते ती युरोपातली नावं इथल्या किड्यांना चिकटवण्याची सवय. भारतात पिढ्यानपिढ्या फ्रेंच अभ्यासक फोव्हेल यांच्या १९५३ च्या ‘फॉना ऑफ इंडिया’मधल्या कळा (लक्षणं ताडत नावापर्यंत नेणारे तक्ते) वापरल्या गेल्या. पाया म्हणून तो ग्रंथ मोलाचा आहे, पण त्या काळी एकच जाती जगभर पसरलेली आहे असं सहज मानलं जाई. कॅपिटेला कॅपिटाटा या दुसऱ्या वलयांकित किड्याचं उदाहरण बघा. प्रदूषणाची खूण म्हणून जगभर हे एकच नाव वापरलं जायचं. १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने दाखवलं की त्यात दिसायला जवळजवळ सारख्या सहा जाती दडल्या आहेत. त्यातल्या एकीला कॅपिटेला टेलेटा हे नाव २००९ मध्ये मिळालं.

म्हणून कळ शेवटी ‘पेरिनेरीस कल्ट्रिफेरा’पाशी पोहोचली तर मूळ वर्णन भूमध्य समुद्रातलं आहे हे लक्षात ठेवा. मूळ वर्णनाशी ताडून पाहा आणि शंका उरली तर प्रजाती आणि जाती या दोन नावांच्या मध्ये ‘सीएफ’ (म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’) घाला. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिनआधीच शेपटाकडचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. तुकडा आणि उरलेला किडा दोघांवर एकच क्रमांक घाला, कारण नाव उद्या बदललं तर पुन्हा तोच किडा उघडावा लागेल.