क्रूझचे वाईट रिव्ह्यू वाचताना आधी महिना बघा

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या मावशीने एकच रिव्ह्यू वाचून मुंबईहून क्रूझने जायचा बेत मोडायला घेतला होता. 'बोट इतकी हलली की दोन दिवस अन्न पोटात ठरलं नाही.' मी तिला खालची तारीख दाखवली, जून महिना. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतोच, त्यात जहाजाचा काय दोष? मावशीला जायचं होतं डिसेंबरात.

'खोलीला खिडकीच नाही' ही तक्रारही अशीच. आतल्या बाजूची स्वस्त केबिन बिनखिडकीचीच असते. 'चढल्या चढल्या लाइफ जॅकेटची कवायत करायला लावली' असं कुणी चिडून लिहिलं असेल, तर उलट बरंच म्हणायचं. तो आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मात्र एसी बंद, बाथरूममध्ये पाणी तुंबलेलं, शेवटच्या दिवशी बिलात न सांगितलेले पैसे, असं चार वेगळ्या लोकांनी चार वेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल, फोटोही असतील, तर डोळे झाकून विश्वास ठेवा. मी तर रिव्ह्यूत तीन तारे देणाऱ्यांचंच जास्त ऐकते. ते चांगलं-वाईट दोन्ही सांगतात.

'आम्हाला न घेताच जहाज सुटलं' हे मात्र नाशिककरांनी मनावर घ्याच. बोर्डिंग जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि कसारा घाटाचा काही भरवसा नाही. बोर्डिंग दुपारचं असेल तर पंचवटी एक्सप्रेस धरा, सीएसएमटीहून क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच आहे. सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.