दुकानाच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यापूर्वी

दुकानातले फ्रीज, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे मुख्यतः दिवसाच चालत असल्याने छतावर तयार झालेली वीज तिथल्या तिथे वापरली जाते, आणि ग्रिडच्या, म्हणजे बव्हंशी कोळशाच्या, विजेचे जेवढे युनिट वाचतात त्या प्रत्येकामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. महाराष्ट्रात १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट देतो आणि त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. संचाची क्षमता मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवून महिन्याचे सरासरी युनिट आणि मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी वापरता येणारी किलोवॅटची मर्यादा, पाहावा.

सावलीची पाहणी डिसेंबरमध्ये सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत करावी, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पाण्याच्या टाकीची किंवा जाहिरात फलकाची सावली सर्वांत लांब पडते. एका पॅनेलवर पडलेली थोडीशी सावलीदेखील त्याच्या मालिकेतील इतर पॅनेलचे उत्पादन घटवू शकते. छत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे असेल, तर सांगाड्याची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी.

सोसायटीच्या तळमजल्यावरील गाळेधारकाने गच्चीसाठी सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी, आणि मगच महावितरणकडे नेट मीटरिंगचा, म्हणजे ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वजा होण्याच्या सोयीचा, अर्ज करावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकानाला ते मिळवून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.