मोठा ट्रॅव्हल ट्रेलर ओढताना डोंगर टाळणारा मार्ग कसा निवडावा

अमेरिकेच्या मध्य भागातून कॅलिफोर्नियाकडे आठ-नऊ मीटर लांबीचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन निघणाऱ्याने नकाशावरचा सर्वांत सरळ रस्ता पाहून मार्ग ठरवू नये. मोबाइलवरचा नकाशा अंतर आणि वेळ सांगतो. तुमच्या मागे काही टन वजन आहे, हे तो गृहीत धरत नाही.

अनेकजण खिंडीच्या उंचीवरून रस्त्याची पारख करतात. माझ्या मते उताराची तीव्रता आणि लांबी आधी पाहावी. चढावर इंजिन दमले, तर उजव्या लेनमधून सावकाश जाता येते. उतारावर तोच भार गाडीला पुढे ढकलत राहतो. 6 टक्के उतार म्हणजे दर 100 मीटरला 6 मीटर खाली, अर्थात 10 किलोमीटरमध्ये 600 मीटर. गाडी आणि ट्रेलर मिळून 6 टन वजन असेल, तर एवढे खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे 100 लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि खालच्या गिअरमधले इंजिन तिचा काही भाग पेलतात, पण उरलेली सारी उष्णता ब्रेकमध्ये साठते आणि ब्रेक फार तापले की पेडल दाबूनही पुरेशी पकड मिळत नाही.

म्हणूनच कोलोराडोतील डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-70 (‘आय’ म्हणजे इंटरस्टेट, राज्यांना जोडणारा महामार्ग) मी मोठ्या ट्रेलरसाठी सुचवणार नाही. तो आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटर उंची गाठतो आणि त्यापुढे लांबलचक, काही ठिकाणी 7 टक्क्यांचे उतार लागतात. वायोमिंगमधून जाणारा आय-80 त्यामानाने सौम्य आहे, पण तिथे वाऱ्याची भीती अधिक. बाजूने येणारा जोरदार वारा ट्रेलरच्या सपाट भिंतीवर आदळतो, म्हणून अशा दिवशी हलक्या आणि उंच वाहनांना तो रस्ता बंदही केला जातो. दक्षिणेचा आय-40 न्यू मेक्सिकोत साधारण 2,200 मीटरवर जलविभाजक, म्हणजे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांना वेगळी करणारी रांग, ओलांडतो आणि त्याचे बहुतेक चढ संथ आहेत. मात्र हिवाळ्यात ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफच्या आसपास बर्फ पडतो. त्याहून दक्षिणेचा आय-10 हाच विभाजक सुमारे 1,400 मीटरवर पार करतो, त्यामुळे थंडीत मी निःशंकपणे तोच निवडेन, फक्त न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातील धुळीच्या वादळांचे इशारे पाहून.

एकच महामार्ग सर्वत्र सारखा नसतो, हे मात्र विसरू नये. ओरेगनमध्ये आय-84 कोलंबिया नदीच्या काठाने जवळजवळ सपाट जातो आणि पेंडलटनच्या पूर्वेला कॅबेज हिलवर त्याच रस्त्याला 6 टक्क्यांचा वळणावळणाचा घाट लागतो. आय-40 ने कॅलिफोर्नियातील बार्स्टोपर्यंत आरामात आलेल्या चालकाला लॉस एंजेलिसकडे उतरताना आय-15 वरील कहोन खिंडीचा तीव्र उतार भेटतो. म्हणून निवडलेल्या मार्गाचा शेवटचा टप्पाही तितक्याच बारकाईने तपासावा.

तपासण्यासाठी गुगल अर्थच्या संगणकावरील आवृत्तीत रस्त्यावरून रेघ ओढून उंचीचा आलेख उघडावा. आलेख रस्त्याची नव्हे, जमिनीची उंची दाखवतो, म्हणून त्यातली एखादी टोकदार उसळी बहुधा बोगद्याची किंवा कापलेल्या टेकडीची असते, तिला घाबरू नये. चिंता करावी ती सलग कित्येक किलोमीटर खाली जाणाऱ्या रेषेची. रस्त्याशेजारून मुख्य रेल्वेमार्ग जात असेल, तर ते चांगले लक्षण समजावे, कारण रेल्वेला तीव्र चढ चालत नाहीत.

निघण्याच्या दिवशी सकाळी त्या राज्याची 511 ही रस्तेमाहिती सेवा पाहून वारा, बर्फ आणि बंद रस्ते यांची खात्री करावी. तरीही एखादा घाट अटळ असेल, तर माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा आणि उतारभर ब्रेकवर पाय ठेवून न राहता थोडा वेळ ठाम दाबून पुन्हा सोडावा.