बगझिलाचं शिळं डॉक्युमेंटेशन अद्ययावत कसं करावं

बगझिला हे सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) नोंदवून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर १९९८ साली मोझिलासाठी लिहिलं गेलं. त्याचा सोर्स कोड आधी सीव्हीएस या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत होता, २०१० मध्ये तो बझारवर गेला आणि २०१४ मध्ये गिटवर. मदतीची पानंही आधी डॉकबुकमध्ये लिहिली जायची, ५.० आवृत्तीबरोबर, म्हणजे २०१५ मध्ये, ती रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (आरएसटी) या साध्या मजकुराच्या स्वरूपात आली. पण साचा बदलला म्हणून आतला मजकूर ताजा होत नाही. एवढ्या जुन्या प्रकल्पाच्या मदतीत दोन प्रकारचं शिळेपण साचतं: काही गोष्टी लिहायच्या राहून जातात आणि काही लिहिलेल्या गोष्टी खोट्या ठरतात. दुसरा प्रकार आधी हाताळावा. माहिती मिळाली नाही तर माणूस दुसरीकडे शोधतो. चुकीची मिळाली तर तिच्यावर विसंबून सर्व्हर बंद पाडतो.

खाली फाइलींची नावं आणि कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं.

चूक नेमकी कुठल्या फाइलीत आहे ते आधी ठरवा

इथेच बरेच जण वाट चुकतात. बगझिलाची ‘मदत’ एका जागी नाही.

रीड-द-डॉक्स या डॉक्युमेंटेशन दाखवणाऱ्या साइटवर दिसणारी मार्गदर्शक पानं ‘डॉक्स/ईएन/आरएसटी’ या फोल्डरमधून तयार होतात. वापर, इन्स्टॉलेशन, व्यवस्थापन, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनी बगझिलाशी बोलण्याची सोय) असे त्यात उपफोल्डर आहेत. मात्र बग उघडल्यावर एखाद्या फील्डच्या नावावर क्लिक केलं की जे ‘फील्ड्स’ पान उघडतं, ते टेम्प्लेटमधून येतं: ‘टेम्प्लेट/ईएन/डीफॉल्ट/पेजेस’ या फोल्डरमधून. क्विकसर्चची मदत आणि ‘बग कसा लिहावा’ हे पानही तिथलंच. अ‍ॅडमिनला पॅरामीटरच्या पानावर प्रत्येक पॅरामीटरखाली जो खुलासा दिसतो, तो ‘अ‍ॅडमिन/पॅराम्स’मधल्या टेम्प्लेटमध्ये असतो. आणि पर्ल मॉड्यूलची माहिती त्या मॉड्यूलच्याच फाइलीत पॉड या पर्लच्या मदत लिहिण्याच्या स्वरूपात असते.

शोधायचा सरळ मार्ग: पडद्यावरच्या चुकीच्या वाक्यातले तीन-चार सलग शब्द घ्या आणि पूर्ण रेपॉझिटरीवर ‘गिट ग्रेप’ ही शोधायची कमांड चालवा. काहीच सापडलं नाही तर शब्द कमी करा, कारण फाइलीत ओळ मध्येच तुटलेली असू शकते. टेम्प्लेटमध्ये तर ‘बग’ हा शब्दसुद्धा बहुधा व्हेरिएबल म्हणून लिहिलेला असतो, त्यामुळे तो शब्द शोधात घेऊ नका.

आवृत्तीही याच वेळी ठरवा. मदतीची पानं आवृत्तीनुसार वेगळी असतात आणि प्रत्येक मालिकेची गिटमध्ये वेगळी शाखा असते. ५.० वापरणाऱ्याला ५.०चं पान खरं हवं. मुख्य शाखेत नुकतीच आलेली सोय तुम्ही त्या पानावर लिहिली, तर एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं होईल.

काही बदलण्याआधी एकदा बिल्ड करून पाहा

रेपॉझिटरी क्लोन करा, हवी ती शाखा चेकआउट करा आणि स्वतःची नवी शाखा काढा. पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये स्फिंक्स (आरएसटीपासून पानं तयार करणारं साधन) बसवा. सिस्टिमच्या पायथॉनमध्ये बसवू नका, पुढे दुसऱ्या प्रकल्पाला वेगळं स्फिंक्स लागलं की भांडण होतं. मग ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये जाऊन ‘मेकडॉक्स.पीएल’ चालवा. तयार पानं ‘डॉक्स/ईएन/एचटीएमएल’मध्ये पडतात.

या पहिल्या बिल्डमध्ये आलेल्या वॉर्निंग एका फाइलीत साठवून ठेवा. बदल केल्यावर पुन्हा बिल्ड कराल तेव्हा कुठली वॉर्निंग तुमची आणि कुठली आधीपासूनची, हे दोन फाइलींचा डिफ (फरक) काढला की लगेच कळतं. हे न केल्यास जुन्या, आपल्याशी संबंध नसलेल्या वॉर्निंगमागे दुपार जाते.

शिळेपणा शोधायचा कसा

पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. काही शब्द स्वतःच चुगली करतात. सीव्हीएस, बझार, लँडफिल (ही प्रकल्पाची जुनी चाचणी साइट), ‘कमिट’ नावाचं बटण (नंतर त्याचं ‘सेव्ह चेंजेस’ झालं), एक्सएमएल-आरपीसी (जुना एपीआय), आणि ‘सध्या’, ‘नुकतंच’, ‘लवकरच’ अशा अर्थाचे सगळे इंग्रजी शब्द ग्रेप करा. हे शेवटचे तीन सर्वांत जास्त चुका उघड करतात, कारण लिहिणाऱ्याचं ‘सध्या’ केव्हाच उलटून गेलेलं असतं.

मेलेल्या लिंकसाठी स्फिंक्समध्येच ‘लिंकचेक’ नावाचा बिल्डर आहे. ‘स्फिंक्स-बिल्ड’ला ‘-बी लिंकचेक’ द्यायचं. पण त्याच्या हिरव्या कंदिलावर भरवसा ठेवू नका. पान हलवून मालकाने सगळं होमपेजवर वळवलं असेल, तर लिंकचेक ती लिंक जिवंत मानतो आणि वाचक मात्र भलत्याच पानावर उतरतो. अहवालात ‘रीडायरेक्ट’ म्हणून आलेल्या लिंक एकेक उघडून पाहा.

‘अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे थांबा. ५.०च्या मदतीत मायएसक्यूएल या डेटाबेसची किमान आवृत्ती ५.०.१५ दिली आहे. लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. पुढे मायएसक्यूएल ८ मध्ये ‘ग्रुप्स’ हा राखीव शब्द झाला, आणि बगझिलाच्या एका टेबलाचं नाव नेमकं तेच आहे. जुन्या कोडमध्ये ते नाव अवतरणाशिवाय एसक्यूएलमध्ये घातलेलं असल्याने क्वेरी सिंटॅक्स एररने पडते. म्हणजे ‘त्यापुढची’ हा एक शब्द खोटा ठरला आणि बाकी वाक्य जसंच्या तसं खरं राहिलं. अशी वाक्यं भाषेच्या नजरेने वाचून सापडत नाहीत. किमान आवृत्तीबरोबर कमाल आवृत्ती, किंवा निदान ‘यावर चालवून पाहिलेली आवृत्ती’ लिहिणं हाच इथला उपाय.

अपाचे या वेब सर्व्हरचंही तसंच. २.२च्या काळातले ‘ऑर्डर’ आणि ‘डिनाय’ हे निर्देश २.४ मध्ये जुनी सुसंगतता देणारं मॉड्यूल चालू असेल तरच चालतात. त्या जागी ‘रिक्वायर’ आला. जुनं उदाहरण कुठे राहिलं असेल तर दोन्ही रूपं आवृत्तीसह द्या.

चालत्या बगझिलावर ताडून पाहा, आणि तेही कोऱ्या

डॉक्युमेंटेशन दुरुस्त करणाऱ्याचा बराचसा वेळ लिहिण्यात नव्हे, ताडून पाहण्यात जायला हवा. त्यासाठी स्वतःच्या मशीनवर, ठरवलेल्या शाखेचं बगझिला नव्या डेटाबेसवर बसवा. ‘चेकसेटअप.पीएल’ला ‘--चेक-मॉड्यूल्स’ देऊन आधी काय कमी आहे ते पाहा. मग ते एकदा चालवा, तयार झालेली ‘लोकलकॉन्फिग’ भरा आणि पुन्हा चालवा.

ऑफिसमधलं चालू बगझिला यासाठी वापरू नका. कारण स्टेटसच्या उदाहरणावरून नीट कळेल. ४.० आवृत्तीत मूळ कार्यप्रवाह बदलला: नव्या इन्स्टॉलेशनमध्ये अनकन्फर्म्ड, कन्फर्म्ड, इन-प्रोग्रेस, रिझॉल्व्ह्ड, व्हेरिफाइड ही स्टेटस आली. पण आधीच्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या ठिकाणी न्यू, असाइन्ड, रीओपन्ड ही जुनी नावं तशीच राहिली. ती बदलायला ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधली ‘कन्व्हर्ट-वर्कफ्लो.पीएल’ मुद्दाम चालवावी लागते. तेव्हा वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेल्या बगझिलावर पाहून तुम्ही मदतीतलं ‘कन्फर्म्ड’ खोडून ‘न्यू’ लिहिलंत, तर बरोबर असलेलं वाक्य बिघडवाल.

दुसरा सापळा परवानग्यांचा. अ‍ॅडमिन खात्याने लॉगइन करून ‘अमुक बटण दाबा’ असं लिहिलं, की साध्या वापरकर्त्याला ते बटण दिसतच नाही. म्हणून दुसरं खातं काढा. पण नुसतं खातं काढूनही भागत नाही: कोऱ्या बगझिलात ‘एडिटबग्ज’ गटाला ‘डॉट-स्टार’ हा रेगएक्स (कुठल्याही नावाशी जुळणारा नमुना) लावलेला असतो, त्यामुळे प्रत्येक नवं खातं आपोआप त्या गटात जातं आणि त्याला बगची जवळपास सगळी फील्ड बदलता येतात. मर्यादित हक्कांचा माणूस काय पाहतो ते बघायचं असेल तर गटांच्या पानावर जाऊन आधी तो रेगएक्स काढा. ज्या कृतीला हक्क लागतो, तिथे कुठला गट लागतो हे मदतीत पहिल्याच वाक्यात लिहा. पाच पायऱ्या झाल्यावर नको.

प्रत्यक्ष बदल

एका पॅचमध्ये एकच विषय. मायएसक्यूएलची आवृत्ती आणि स्टेटसची नावं एकत्र पाठवलीत, तर एकावर वाद झाला की दुसरंही अडकतं.

परिच्छेदातला एक शब्द बदलताना सगळ्या ओळी पुन्हा समान लांबीच्या करू नका. एडिटर ते आपणहून करत असेल तर ती सोय बंद करा. नाहीतर डिफमध्ये बारा ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल शोधत बसावं लागतं.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या नेहमीच्या खोड्या: शीर्षक लांबवलं तर खालची चिन्हांची रेघही निदान तेवढीच लांब करा, नाहीतर ‘अंडरलाइन टू शॉर्ट’ अशी वॉर्निंग येते. दोन कोलननंतर (::) एक कोरी ओळ सोडून मगच कमांड आत सरकवून लिहा. कोरी ओळ सोडायची विसरलात तर कमांड साध्या परिच्छेदासारखी छापली जाते आणि दोन डॅशचा एकच लांब डॅश होऊ शकतो. वाचक ती कॉपी करतो, ती चालत नाही आणि कारण त्याला दिसतही नाही.

शीर्षकाच्या वर अधोरेषेने सुरू होणारं लेबल असतं. शीर्षक बदला, लेबल तसंच ठेवा. दुसरी पानं त्या लेबलाकडे बोट दाखवतात. फाइलीचं नाव बदलणं त्याहून महाग: बगझिलाच्या टेम्प्लेटमध्ये ‘डॉक-सेक्शन’ नावाच्या व्हेरिएबलात पानाचा पत्ता लिहिलेला असतो, त्यावरून ‘हेल्प’ची लिंक बनते. नाव बदलायचंच असेल तर जुनं नाव टेम्प्लेट फोल्डरमध्ये ग्रेप करून तिथेही बदला.

पॅरामीटर, गट, फाइल यांच्या नावांसाठी प्रकल्पात वेगवेगळे रोल (आरएसटीतल्या खुणा) ठरलेले आहेत. शेजारच्या परिच्छेदात कसं लिहिलंय ते पाहून तसंच लिहा. नाव आठवणीने टाइप करू नका, कोडमधून कॉपी करा.

टेम्प्लेटमधली मदत बदलत असाल तर एक नियम वेगळा आहे. तिथे ‘बग’ हा शब्द थेट लिहायचा नाही, ‘टर्म्स.बग’ हे व्हेरिएबल वापरायचं, कारण अनेक संस्था बगला ‘इश्यू’ किंवा ‘तिकीट’ म्हणतात आणि ते नाव एका जागी बदलतात. चुकलात तर चाचण्यांमधली ‘००९बगवर्ड्‌स’ नापास होते. पाठवण्याआधी ‘रनटेस्ट्स.पीएल’ चालवा, नेहमीच्या स्पेलिंगच्या चुकाही त्यातच पकडल्या जातात. आरएसटी पानांत ‘बग’ बिनधास्त लिहा.

जुन्या झालेल्या सोयीचं वर्णन उडवून टाकण्याची घाई नको. ५.०पासून रेस्ट एपीआय हा अधिकृत मार्ग झाला आणि एक्सएमएल-आरपीसी, जेसन-आरपीसी कालबाह्य ठरवले गेले, पण त्या मालिकेत ते चालतात. कुणाची तरी दहा वर्षं जुनी स्क्रिप्ट त्यावर उभी असते. वर ‘५.०पासून कालबाह्य, नव्या कामासाठी रेस्ट वापरा’ अशी सूचना टाका आणि वर्णन राहू द्या. कोडमधून सोय खरोखर काढली गेली की मगच, त्या शाखेतून, पान काढा.

आपलं इंग्रजी फर्डं नाही म्हणून कचरू नका. मदतीला लागतात ती छोटी आज्ञार्थी वाक्यं: हे उघडा, हे निवडा, असं दिसेल. खरं तर फर्डं इंग्रजीच पुष्कळदा काढून टाकावं लागतं. स्क्रीनशॉट मात्र टाळा. बटणाचा रंग बदलला तरी ते शिळे होतात आणि ग्रेपमध्ये सापडत नाहीत.

पाठवणं

मोझिलाच्या बगझिलावर ‘बगझिला’ प्रॉडक्ट आणि ‘डॉक्युमेंटेशन’ कंपोनंट निवडून आधी शोध घ्या, बंद झालेले बगही धरून. हीच दुरुस्ती कुणी सुचवून ती काही कारणाने नाकारलेली असू शकते. नसेल तर बग नोंदवा. त्यात पानाचा पत्ता, सध्याचं वाक्य, ते कुठल्या आवृत्तीपासून खोटं ठरलं, आणि तुम्ही कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या डेटाबेसवर ताडून पाहिलं, हे चार मुद्दे हवेत. ‘हे पान जुनं झालंय’ एवढ्याच नोंदीवर कुणी काम करू शकत नाही.

कमिट संदेशाची सुरुवात बग क्रमांकाने करा आणि गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टमध्येही तो द्या. दुरुस्ती एकाहून अधिक शाखांना लागू असेल तर तसं लिहा, पण प्रत्येक शाखेचं पान वेगळं उघडून पाहा; मजकूर तोच असेल असं धरून चालू नका. रिव्ह्यू करणारे स्वयंसेवक आहेत, उत्तराला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे गेले तर त्याच बगवर एक नम्र आठवण पुरते. नवा बग काढू नका.

मर्ज झाल्यावर रीड-द-डॉक्सवर त्या आवृत्तीचं पान उघडून बदल आला का पाहा. तिथे आला आणि तुमच्या संस्थेच्या बगझिलातल्या ‘हेल्प’वर क्लिक केल्यावर जुनंच पान दिसलं, तर तिथे बहुधा ‘मेकडॉक्स’ने तयार केलेली पानं सर्व्हरवरच ठेवलेली आहेत. अ‍ॅडमिनने कोड अपडेट करून ‘मेकडॉक्स.पीएल’ पुन्हा चालवेपर्यंत ती तशीच राहतील.