झिंक ऑक्साइड आणि सिप्रोफ्लॉक्सासिन: प्रकल्पाचा प्रयोग कसा आखावा

पाण्यात मिसळलेले सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक झिंक ऑक्साइड आणि प्रकाश यांच्या साहाय्याने मोडता येते, हे जगभरच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. नागपुरात हा विषय एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घेणाऱ्याने आपली मेहनत दुसरीकडे खर्च करावी: द्रावणात दिसलेली घट प्रकाश आणि ऑक्साइड यांच्या एकत्रित क्रियेनेच झाली, हे परीक्षकापुढे ठामपणे मांडता आले पाहिजे.

ऑक्साइड तयार करणे त्या मानाने सोपे आहे. झिंक ॲसिटेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाकून पीएच १० च्या आसपास आणावा आणि तिथेच थांबावे, कारण अल्कली जास्त झाली की पांढरा अवक्षेप पुन्हा विरघळू लागतो. हा अवक्षेप धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुवावा, ८० अंश सेल्सिअसला सुकवावा आणि मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर दोन तास तापवावा. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत) ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ तीन ठळक शिखरे मिळाली, की वुर्ट्झाइट रचनेचे झिंक ऑक्साइड तयार झाले असे समजावे.

औषध मात्र मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून कुटू नये. गोळीत मॅग्नेशियम स्टिअरेटसारखे पूरक पदार्थ असतात आणि तिच्या पांढऱ्या आवरणात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे आणखी एक प्रकाश-उत्प्रेरक, असतो. शुद्ध पावडर घ्यावी आणि लेबल नीट वाचावे. सिप्रोफ्लॉक्सासिनचे रेणुवस्तुमान ३३१.३ आहे, तर हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटचे ३८५.८, त्यामुळे लिटरमागे १०० मिलिग्रॅम औषधाचे मूळ द्रावण हवे असल्यास या क्षाराचे सुमारे ११६ मिलिग्रॅम तोलावे लागतात. बाटलीवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी, कारण हा रेणू उत्प्रेरकाशिवायही प्रकाशात हळूहळू मोडतो.

पीएचकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. या रेणूचे दोन पीकेए (ज्या पीएचला रेणूचा एखादा गट प्रोटॉन सोडतो ते आकडे) साधारण ६.१ आणि ८.७ आहेत, पहिल्याच्या खाली तो धनभारित असतो, दुसऱ्याच्या वर ऋणभारित, आणि मधल्या पट्ट्यात त्याच्यावर दोन्ही भार असतात. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण पीएच ९ पर्यंत धनभारित राहतो. म्हणून आम्लात दोघे एकमेकांना दूर लोटतात, शिवाय ऑक्साइड स्वतःच विरघळतो. उदासीन ते किंचित अल्कलीय द्रावणात रेणूचा कार्बॉक्सिलेट गट पृष्ठभागाला सहज चिकटतो. प्रयोग पीएच ७ ते ८ मध्ये करावा आणि कॅलिब्रेशनची द्रावणेही त्याच पीएचला तयार करावीत, कारण पीएच बदलला की औषध मोजण्यासाठी वापरले जाणारे, २७६ नॅनोमीटरजवळचे प्रकाश-शोषणाचे शिखर सरकते.

बीकरमध्ये लिटरमागे १० मिलिग्रॅम औषधाचे २०० मिलिलिटर द्रावण आणि १०० मिलिग्रॅम ऑक्साइड घेऊन अंधारात निदान अर्धा तास स्टररवर ढवळावे. या काळात होणारी घट अधिशोषणाची, म्हणजे औषध ऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटल्याची, असते. ती विघटनात मोजली तर टक्केवारी फुगते. लागोपाठ घेतलेली दोन मापने सारखी आली की दिवा लावावा. सोबत दोन तुलना-प्रयोग चालवावेत: एकात ऑक्साइड नसलेले द्रावण तेवढाच वेळ प्रकाशात ठेवावे, दुसऱ्यात ऑक्साइडसह द्रावण शेवटपर्यंत अंधारात ठेवावे. ३६५ नॅनोमीटरचा दिवा बरा. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याने औषध थेट मोडते आणि उत्प्रेरकाचा वाटा वेगळा काढणे अवघड होते.

नागपूरचा मे महिन्यातला सूर्य फुकटचा दिवा वाटतो खरा, पण उघड्या बीकरमधले पाणी उडते आणि उरलेले द्रावण घट्ट होते. उन्हात प्रयोग करायचाच असेल, तर प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर बीकर तोलून उडालेले पाणी भरून काढावे, आणि ऑक्साइड नसलेले द्रावण त्याच उन्हात शेजारी ठेवावे.

नमुना सेंट्रिफ्यूज करूनच मोजावा. तरंगते कण प्रकाश विखुरतात आणि ॲब्सॉर्बन्स (प्रकाश-शोषणाचे माप) खोटा वाढतो. सिरिंज फिल्टर वापरल्यास तो स्वतः औषध किती धरून ठेवतो, हे ज्ञात द्रावण गाळून आधी तपासावे. २७६ नॅनोमीटरचे शिखर खाली आले म्हणजे औषध संपले, असा निष्कर्ष काढू नये. बाजूची पिपराझिन साखळी तुटली तरी क्विनोलोनचा गाभा शिल्लक राहू शकतो आणि तो त्याच भागात प्रकाश शोषतो. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) मूळ औषध वेगळे मोजावे, आणि कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन झाल्याचा दावा करायचा असेल तर टीओसीची, म्हणजे पाण्यात उरलेल्या एकूण सेंद्रिय कार्बनची, चाचणी करावी.

ई. कोलाय जीवाणूंच्या थरावर नमुन्यात भिजवलेली कागदी डिस्क ठेवून उरलेली जीवाणूरोधक शक्ती पाहणे माझ्या मते सर्वांत बोलकी चाचणी आहे. मात्र ऑक्साइडमधून विरघळलेले झिंकही जीवाणूंची वाढ रोखू शकते. त्यामुळे औषध न घालता, केवळ ऑक्साइडसह तेवढाच वेळ प्रकाशात ठेवलेले पाणी दुसऱ्या डिस्कवर लावल्याशिवाय डिस्कभोवती मिळालेल्या, वाढ नसलेल्या वर्तुळाचा अर्थ लावू नये.

हे सर्व डिस्टिल्ड पाण्यात जमल्यावर एकदा नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करून पाहावे. वेग बहुधा मंदावतो: औषध मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (प्रकाशात ऑक्साइडवर तयार होणारे अतिक्रियाशील कण) बायकार्बोनेट खर्च करते, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम औषधाशी जोडले जातात. उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नये. नाग नदीचे पाणी पुढे कन्हान नदीला मिळते. द्रावण लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्यावे.